पेरू देशातले द्राक्षछाटणीचे व्हिडिओ समजावेत म्हणून स्पॅनिश: व्याकरणाची कोणती ऑनलाइन साधनं खरी कामाची

स्पॅनिशचं व्याकरण घरबसल्या, जवळपास फुकटात आणि पक्कं शिकता येतं. नाशिकमध्ये राहून मी ते करते आहे, म्हणून खात्रीनं सांगते. अडचण वेगळीच आहे. जवळजवळ सगळी ऑनलाइन साधनं इंग्रजी बोलणाऱ्याला समोर ठेवून बेतलेली आहेत. त्यांच्या क्रमानं गेलं की आपल्या लहानपणापासून अंगवळणी पडलेल्या गोष्टींवर धड्यामागून धडे खर्ची पडतात, आणि मराठी माणसाला जिथे खरोखर अडतं तो भाग दोन ओळींत उरकलेला असतो. म्हणून कोणतं साधन कशासाठी घ्यावं आणि त्यातलं काय बिनधास्त गाळावं, हे सविस्तर लिहिते.

मी दिंडोरी रोडला एका द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये क्वालिटीचं काम बघते. जानेवारी ते एप्रिल डोकं वर काढायला फुरसत नसते, अभ्यास होतो तो पावसाळ्यात. मामांची बाग दिंडोरी तालुक्यात आहे आणि स्पॅनिशचं खूळ खरं तर त्यांच्यामुळे सुरू झालं. पेरू आणि चिली हे द्राक्ष निर्यातीतले मोठे देश. त्यातही पेरूचा उत्तरेकडचा पिउरा भाग विषुववृत्ताच्या जवळचा, गरम. तिथे वेल थंडीत पूर्ण विश्रांतीला जात नाही. आपलंही तेच दुखणं आहे, म्हणून तर आपण एप्रिलमध्ये काड्या तयार होण्यासाठी खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळासाठी गोडी छाटणी करतो. तिथले लोक बागेत उभं राहून छाटणीचे, विरळणीचे व्हिडिओ टाकतात, सगळे स्पॅनिशमध्ये. मामा मोबाइल पुढे करून म्हणायचे, "अगं, तो काडीवर किती डोळे ठेवायला सांगतोय, तेवढं सांग फक्त."

डोळे म्हणजे काडीवरच्या कोंब फुटायच्या जागा. तेवढं फक्त सांगायला किती व्याकरण लागतं बघा. ठेवणे या अर्थाचं क्रियापद 'देखार'. माणूस 'से देखान ओचो येमास' म्हणाला, तर आठ डोळे ठेवतात, म्हणजे ही तिथली रीत. 'देखेन ओचो येमास' म्हणाला, तर आठ डोळे ठेवा, हा सल्ला. 'देखारिया ओचो' म्हणजे मी असतो तर आठ ठेवले असते. आणि 'देखाबामोस ओचो' म्हणाला, तर आम्ही आठ ठेवायचो, म्हणजे आता ठेवत नाही! चारही वाक्यांत आठ हा शब्द ऐकू येतोच. ज्याला फक्त शब्द येतात तो चौथं वाक्य ऐकून त्यांनी सोडून दिलेली पद्धत आपल्या बागेत आणेल. शब्दांची ॲप पुष्कळ आहेत, पण मला क्रियापदाचं शेपूट ऐकू यायला हवं होतं.

सुरुवात लँग्वेज ट्रान्सफरपासून करा, असं मी प्रत्येकाला सांगते. मिहालिस एलेफ्थेरिऊ नावाच्या शिक्षकाचा हा कोर्स, 90 ध्वनिफिती, पूर्ण फुकट, देणग्यांवर चालतो. ॲप आहे, यूट्यूबवरही आहे. शिक्षक आणि एक शिकणारा माणूस बोलत असतात. शिक्षक प्रश्न विचारतो, तुम्ही फीत थांबवायची, उत्तर मोठ्यानं द्यायचं, मग पुढे ऐकायचं. लिहायचं नाही, पाठ करायचं नाही. तो क्रियापद कसं बनतं ते तुमच्याकडूनच बनवून घेतो. इंग्रजीतला 'प्रिपरेशन' घेतला की स्पॅनिशचा 'प्रेपारासियोन', त्याचं शेपूट काढलं की 'प्रेपारार' हे क्रियापद, अशी साखळी लागते आणि पहिल्याच आठवड्यात शेकड्यानं क्रियापदं हाताशी येतात. आपल्याकडे इंग्रजी येणाऱ्याला हे जमतंच. पॅकहाउसला जाता-येता म्हसरूळच्या सिग्नलला हेल्मेटच्या आत मोठ्यानं उत्तरं देता येतात, हा त्याचा आणखी एक फायदा.

पण त्यातही, इंग्रजीवाल्याला समजावताना तो जिथे फार वेळ थांबतो तिथे आपण थांबायची गरज नाही. सगळ्यात मोठं उदाहरण आवडण्याचं. 'मे गुस्ता ला ऊवा' म्हणजे मला द्राक्ष आवडतं. 'मे गुस्तान लास ऊवास' म्हणजे मला द्राक्षं आवडतात. क्रियापद द्राक्षाप्रमाणे बदललं, माझ्याप्रमाणे नाही. इंग्रजी माणसाला ही उलटी उडी वाटते, म्हणून प्रत्येक साइटवर यावर लांबच लांब प्रकरण आहे, तक्ते आहेत, चित्रं आहेत. मराठी माणूस रोज 'आवडतं' आणि 'आवडतात' बोलतोच. हे प्रकरण एका बसणीत संपवा.

तसंच 'आ' चं. 'वेओ ला वीन्या' म्हणजे मी बाग बघते. 'वेओ आ मी तिओ' म्हणजे मी मामाला बघते. माणूस आला की मध्ये 'आ' येतो. आपण बागेला 'ला' लावत नाही, मामाला लावतो. नियम अगदी शंभर टक्के जुळत नाही, पण कान तयार आहे. 'पोर' आणि 'पारा' हे दोन शब्द इंग्रजीत दोन्ही 'फॉर' होतात म्हणून त्यांच्यावर सगळीकडे भली मोठी यादी असते. मराठीत विचार करा: 'पारा ला एक्स्पोर्तासियोन' म्हणजे निर्यातीसाठी, 'पोर ला यूविया' म्हणजे पावसामुळे. साठी आणि मुळे यांत आपला कधी घोळ होतो का? 'पोर' चे आणखी उपयोग आहेत, जसं 'पोर प्लान्ता' म्हणजे दर वेलीला, ते एकेक करून शिकावे लागतात. पण मूळ भेद आपल्याकडे आयता आहे. भूतकाळातल्या दोन रूपांचंही तेच. एकदा घडून संपलेलं आणि पूर्वी चालायचं ते, हा फरक 'छाटली' आणि 'छाटायचो' यांत मराठी लहान पोरही करतं. शिवाय उच्चार. स्पॅनिशचे त आणि द आपल्या त-द सारखेच दातांवरचे आहेत. प, त, क म्हणताना हवा सुटत नाही, हे आपल्याला शिकावंच लागत नाही.

आता कुठे अडतं ते.

पहिलं, 'सेर' आणि 'एस्तार'. मराठीत दोन्ही 'आहे'. आणि हे पॅकहाउसमध्ये लगेच कळतं, कारण 'ला ऊवा एस वेर्दे' म्हणजे द्राक्ष हिरव्या जातीचं आहे, आणि 'ला ऊवा एस्ता वेर्दे' म्हणजे द्राक्ष कच्चं आहे. पहिलं ऐकून कुणी पेटी भरेल, दुसरं ऐकून माल परत बागेत पाठवेल. यासाठी मला सगळ्यात उपयोगी पडलं ते क्विझिक, व्याकरणाच्या चाचण्यांचं संकेतस्थळ. ते आधी छोटी चाचणी घेऊन तुमची पातळी ठरवतं, मग जिथे चुकता त्याच मुद्द्यावर पुन्हा पुन्हा प्रश्न टाकतं आणि प्रत्येक प्रश्नामागे त्या नियमाचं पान उघडता येतं. फुकट खात्यात चाचण्या ठरावीकच मिळतात, जास्त हव्या तर पैसे. मी पावसाळ्यात पैसे भरून वापरते आणि सीझनला बंद ठेवते. समजावणी इंग्रजीत आहे, पण नेमकी आहे. एका पानावर एकच नियम, भरताड नाही.

दुसरं अडतं ते सर्वनामांच्या जागेवर. मराठीत 'मी ते त्याला सांगितलं', 'ते मी त्याला सांगितलं', 'त्याला मी ते सांगितलं', सगळं चालतं. स्पॅनिशमध्ये ही छोटी सर्वनामं क्रियापदाला घट्ट चिकटलेली असतात आणि त्यांचा क्रम हलत नाही. डोळ्यांबद्दल 'ते ठेवा' म्हणायचं तर 'देखेलास', सर्वनाम मागे जोडून. 'ते ठेवू नका' म्हणायचं तर 'नो लास देखे', सर्वनाम पुढे. आज्ञा करताना होकारात मागे, नकारात पुढे. बागेत बोलणारा माणूस दिवसभर हीच रूपं बोलतो. यासाठी एकही साइट पुरेशी वाटली नाही. नियम सगळीकडे आहे, सराव थोडका आहे. शेवटी मी अँकी या उजळणीच्या कार्डांच्या ॲपमध्ये स्वतः कार्डं केली: एका बाजूला मराठी वाक्य, दुसऱ्या बाजूला स्पॅनिश. मराठी वाक्य ठेवणं महत्त्वाचं, इंग्रजी ठेवलं की मधे एक जिना उगीच चढावा लागतो. अँकी कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर मात्र विकत घ्यावं लागतं.

तिसरं अडचणीचं ठिकाण लपलेलं असतं, आणि ते कुठल्याच इंग्रजी साइटवर सापडणार नाही, कारण ती अडचण फक्त आपली आहे. 'मी दोन घड कापले' म्हणताना आपलं क्रियापद घडांकडे बघून बदलतं. मी एकटी असले तरी 'कापले'. स्पॅनिशमध्ये भूतकाळातही क्रियापद फक्त कर्त्याकडे बघतं: 'कोर्ते दोस रासीमोस', घड दोन असोत की दोनशे. मराठी, हिंदी बोलणाऱ्याचं लक्ष सवयीनं घडांकडे जातं आणि तोंडून अनेकवचन निघतं. यावर उपाय म्हणजे रूपांची घोटाई, आणि घोटाईसाठी कॉन्खुगेमोस. ही साइट एका स्पॅनिशच्या शिक्षकानं सुरू केलेली, अमेरिकेतल्या शाळांत खूप वापरली जाते. कोणता काळ, कोणती सर्वनामं हे निवडायचं, वेळ लावायची आणि धडाधड रूपं टाइप करायची. कंटाळवाणी वाटेल. पण बोलताना विचार करायला वेळ नसतो, आणि हे काम हातांना शिकवावं लागतं. मी चहाच्या वेळेत थोडं थोडं करते.

आणि मग सबजंक्टिव्ह, म्हणजे इच्छा, शंका किंवा अजून न घडलेलं सांगणारं क्रियापदाचं रूप. ज्याला त्याला त्याची भीती घातलेली असते. मराठी शाळेत विध्यर्थ शिकलेल्यानं घाबरू नये. 'तू आज छाटावंस असं मला वाटतं', यातला 'छाटावंस' जे काम करतो तेच 'कीएरो के पोदेस ओय' मधला 'पोदेस' करतो. इच्छा, विनंती, गरज इथे आपला विध्यर्थ बरोबर नेऊन पोचवतो. पण पुढे वाट फुटते. 'द्राक्ष पिकेल तेव्हा' म्हणताना आपण साधा भविष्यकाळ वापरतो, स्पॅनिश मात्र 'क्वान्दो मादूरे ला ऊवा' म्हणून सबजंक्टिव्हच लावतो, कारण ते अजून घडलेलं नाही. 'पिकेल असं वाटत नाही' इथेही आपला भविष्यकाळ, त्यांचा सबजंक्टिव्ह. मी म्हणेन, विध्यर्थ जुळतो ती प्रकरणं झरझर वाचून काढा आणि सगळा सराव या दोन ठिकाणी ओता.

छाटणीच्या क्रियापदानं मला या विषयाची खरी गोडी लावली, म्हणून ते जवळून दाखवते. छाटणे म्हणजे 'पोदार', शकणे म्हणजे 'पोदेर'. 'पोदामोस' म्हणजे आम्ही छाटतो. शकणेचं सबजंक्टिव्हही 'पोदामोस'च! आणि 'पोदेमोस' म्हणजे आम्ही शकतो, तेच आम्ही छाटावं यासाठीही. दोन क्रियापदं एकमेकांची रूपं अदलाबदल करून बसली आहेत. स्पॅनिशडिक्ट या ऑनलाइन कोशावर दोन्हींचे तक्ते शेजारी शेजारी उघडा, डोळ्यांसमोर स्पष्ट दिसतं. तिथे प्रत्येक क्रियापदाचे सगळे काळ एका पानावर आहेत आणि अनियमित रूपं लाल रंगात असतात, म्हणजे पाठ काय करायचं ते शोधत बसावं लागत नाही. त्याच तक्त्यात आणखी एक गोष्ट बघा. 'पोदे' चा जोर पहिल्या अक्षरावर असेल तर अर्थ होतो 'तुम्ही छाटा'. जोर शेवटी गेला आणि अक्षरावर आघातचिन्ह आलं की 'मी छाटली'. एका तिरक्या रेघेनं सल्ल्याचा अहवाल होतो. म्हणून जे ॲप आघातचिन्ह विसरलं तरी उत्तर बरोबर धरतं, ते व्याकरणासाठी वापरू नका. मोबाइलला स्पॅनिश कीबोर्ड लावून घ्या, अक्षर दाबून धरलं की चिन्ह येतं.

ड्युओलिंगोबद्दल सगळे विचारतात. रोज बसायची सवय लावायला चांगलं आहे, शब्द वाढतात, मुलांनाही आवडतं. माझी भाची त्यावरच सुरुवात करून पुढे गेली. पण व्याकरणाची टिपणं तिथे त्रोटक आहेत, आणि 'असं का' या प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे शोधावं लागतं. जोडीला ठेवा, त्याच्यावर विसंबू नका.

ऐकण्यासाठी ड्रीमिंग स्पॅनिश. पाब्लो रोमान यांनी सुरू केलेलं, अगदी नवख्यापासून प्रगतपर्यंत पायऱ्या लावलेले व्हिडिओ. माणूस चित्रं काढत, हातवारे करत सोप्या स्पॅनिशमध्ये गोष्ट सांगतो. त्यांचं म्हणणं, व्याकरण शिकूच नका, नुसतं ऐका. हे मला पटत नाही. ज्याच्याकडे वर्षानुवर्षं आहेत त्याचं तसं होईल. मला पुढच्या ऑक्टोबर छाटणीच्या आधी 'ठेवायचो' आणि 'ठेवा' वेगळे ऐकू यायला हवेत. मात्र नियम शिकून झाल्यावर हेच व्हिडिओ लावले की क्रियापदाची शेपटं कानात कशी पक्की बसतात, हे अनुभवून बघण्यासारखं आहे. चिलीच्या व्हिडिओंना थोडा धीर ठेवा, तिथे शब्दाच्या शेवटचा 'स' जवळपास गिळतात. 'लास येमास' मधलं अनेकवचन ऐकूच येत नाही. ते क्रियापदावरून ओळखावं लागतं. पेरूच्या किनारपट्टीचं बोलणं त्यामानानं स्वच्छ.

एक मात्र कळकळीनं सांगते. महिनाभरात फाडफाड स्पॅनिश, अशी जाहिरात करणाऱ्या क्लासला पैसे देण्याआधी एक गोष्ट विचारा: माझं लिहिलेलं वाक्य कोण तपासणार? मी एका ठिकाणी फी भरली तिथे रेकॉर्ड केलेले व्हिडिओ होते, शंका विचारायला ग्रुप होता, आणि ग्रुपवर विचारलेल्या शंकेला उत्तर यायचं नाही. वर नावानिशी सांगितलेलं बहुतेक फुकट आहे आणि त्या व्हिडिओंपेक्षा कितीतरी सरस आहे. पैसे खर्च करायचेच असतील तर बोलणाऱ्या, तपासणाऱ्या माणसाच्या वेळेवर करा.

थोडं पुढे गेलात की रेआल आकादेमिया एस्पान्योलाचा शब्दकोश उघडायला लागा. माद्रिदची ही संस्था 1713 सालची, कोश ऑनलाइन आणि फुकट, सगळा स्पॅनिशमध्येच. क्रियापदाच्या नोंदीतून त्याची सगळी रूपं उघडतात. शब्दाचा अर्थ स्पॅनिशमध्येच वाचायची सवय लागली की इंग्रजीचा टेकू सुटतो. मामांसाठी मी आता सार्मिएन्तो, रासीमो असे शब्द तिथेच बघते आणि वहीत थेट मराठीत काडी, घड असं लिहून ठेवते.

ज्यांना माझ्यासारखं फक्त पेरू-चिलीचं ऐकायचं वाचायचं आहे, त्यांनी 'वोसोत्रोस' चा रकाना सरळ गाळावा. ते 'तुम्ही लोक' स्पेनमध्ये चालतं. लॅटिन अमेरिकेत सगळीकडे 'उस्तेदेस'. प्रत्येक काळातलं एक रूप कमी झालं. परीक्षा देणाऱ्यांनी मात्र ते शिकूनच घ्यावं, वाचनाच्या उताऱ्यात स्पेनची भाषा येते. परीक्षा म्हणजे देले, ए1 या पहिल्या पायरीपासून सी2 या शेवटच्या पायरीपर्यंत, प्रमाणपत्राला मुदत नाही. आणि दुसरी सिएले. देले इन्स्तितुतो सेर्वान्तेसची आहे, आपल्या देशात त्यांचं केंद्र दिल्लीला आहे, आणि आवे ग्लोबाल नावाचा त्यांचा स्वतःचा ऑनलाइन कोर्सही आहे. तो पैसे भरून घ्यावा लागतो, पण धडे पायरीपायरीनं लावलेले आहेत आणि परीक्षेच्या तयारीला तो क्रम सोयीचा पडतो.